सेसना घेऊन मोठ्या एअरपोर्टवर उतरायचं असेल तर

सांबऱ्यात, म्हणजे बेळगावच्या एअरपोर्टवर, फ्लाइंग ट्रेनिंग सुरू झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं या लाइनमध्ये यायला लागलीत, आणि लायसन्स हातात आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, की चार सीटचं विमान घेऊन बेंगळूर, गोवा, मुंबईसारख्या एअरपोर्टवर उतरता येतं का, की तिथं फक्त इंडिगो-एअर इंडियाचंच राज्य? उत्तर आधीच सांगतो, येतं. काही ठिकाणी सहज, काही ठिकाणी लई खटपट करून, आणि एक-दोन ठिकाणी जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली सगळं लिहितोय ते व्हीएफआर (म्हणजे बाहेर डोळ्यानं बघून) उडणाऱ्या सिंगल इंजिनवाल्यांसाठी आहे, म्हणजे सेसना १७२, टेकनाम, डायमंड वगैरे. तुमच्या इन्स्ट्रक्टरचं आणि चालू एआयपी-नोटॅमचं (वैमानिकांसाठीच्या सरकारी माहितीचं आणि सूचनांचं) म्हणणं माझ्या लिहिण्याच्या वर, हे धरूनच वाचा.

आधी थोडा मागचा इतिहास, कारण आजचे नियम कुठून आले ते कळलं की ते जाचक वाटत नाहीत. एकेकाळी लहान विमान हेच "विमान" होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला आले ते एका सिंगल इंजिनच्या पस मॉथमधून, आणि उतरले जुहूला. पुढं त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट तेच टपाल घेऊन बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. रेडिओ नाही, टॉवर नाही, वारा बघायचा आणि उतरायचं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं म्हणून सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं. मग १९४८ च्या सुमाराला मुंबईची मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहू लहान विमानांकडं राहिलं, आज तिथंही मुख्यतः हेलिकॉप्टरच दिसतात. आपलं सांबरासुद्धा १९४२ ला ब्रिटिश हवाई दलानं युद्धासाठी बांधलेलं.

जेट आले आणि गणित बदललं. न्यूयॉर्कच्या एअरपोर्टांनी १९६८ ला गर्दीच्या वेळी २५ पेक्षा कमी सीटच्या विमानांची फी ५ डॉलरवरून २५ डॉलर केली, तेवढ्यानं त्या वेळेतली लहान विमानं तीसेक टक्क्यांनी घटली. १९८८ ला बॉस्टननं फी अशीच भरमसाठ वाढवली तेव्हा मात्र अमेरिकन सरकारनं ती भेदभाव करणारी ठरवून रद्द केली, कारण तिथं सरकारी पैशातून उभ्या एअरपोर्टला लहान विमान नाकारता येत नाही. मला हे धोरण पटतं, पण त्याला दुसरी बाजूही आहे आणि ती विसरता कामा नये. २५ सप्टेंबर १९७८ ला सॅन डिएगोत पीएसए या एअरलाइनचं बोईंग ७२७ एका सेसना १७२ वर आदळलं, सेसना तिथं इन्स्ट्रुमेंट अप्रोचची प्रॅक्टिस करत होती, ७२७ च्या पायलटांना ती आधी दिसली होती पण नंतर नजरेतून सुटली, आणि १४४ माणसं गेली. १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला एक पायपर परवानगी न घेता कंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये शिरलं आणि एरोमेक्सिकोच्या डीसी-९ ला धडकलं, ८२ गेले. त्या पायपरचा ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) उंची दाखवत नव्हता. आज मोड सी (उंचीही कळवणाऱ्या) ट्रान्सपॉन्डरशिवाय तुम्हाला मोठ्या एअरपोर्टच्या आसपास कुणी फिरकू देत नाही आणि एअरलाइनच्या विमानांत टीकॅस (दुसरं विमान जवळ आलं की इशारा देणारी यंत्रणा) असतो, त्यामागं ही माणसं आहेत. ट्रान्सपॉन्डर "अल्ट" (उंची कळवा) वर आहे का हे बघायला एक सेकंद लागतो, तो सेकंद दरवेळी द्या.

आता कुठं जायचं ते. पहिल्यांदाच जात असाल तर थेट बेंगळूरचं नाव काढू नका. आधी हुबळी करा, सांबऱ्यापासून जेमतेम ४० नॉटिकल मैल (पुढंही मैल म्हणजे हाच, साधारण १.८५ किलोमीटरचा), मग कोल्हापूर, साधारण ५० मैल, हायवे उजव्या-डाव्या खिडकीत ठेवून गेलात तरी चुकत नाही. दोन्हीकडं टॉवर आहे, एअरलाइनची विमानं येतात पण ओळीनं नाहीत, त्यामुळं "मागं एटीआर आहे, लवकर रनवे सोडा" असलं ऐकायची सवय न घाबरता होते. सीपीएलवाल्यांना (कमर्शियल लायसन्स घेणाऱ्यांना) तसंही ३०० मैलांची क्रॉस-कंट्री दोन वेगळ्या एअरपोर्टवर फुल स्टॉप लँडिंग करून दाखवावीच लागते, त्यात हे बसवा.

गोव्यात दोन एअरपोर्ट, दोन तऱ्हा. दाभोळी नौदलाचं आहे, आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे तास त्यांच्या ट्रेनिंगला लागतात, परवानगीशिवाय विचारूच नका आणि फोटो तर अजिबात काढू नका. मोपा २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे, सरळ रेषेत आपल्यापासून ४५ मैल, पण मध्ये सह्याद्री आहे हे नकाशावर जेवढं साधं दिसतं तेवढं वरून नसतं. चोर्ला-आंबोलीच्या बाजूला दुपारनंतर ढग बसायला लागले की घाटाच्या तोंडाशी खालून जायचा मोह होतो. करू नका. जून ते सप्टेंबर तर हा रूट व्हीएफआरसाठी नाहीच असं समजा.

बेंगळूरचं केंपेगौडा आपल्यापासून २४० मैलांच्या आसपास, सेसनाला सव्वादोन तास. चार-चार हजार मीटरचे दोन समांतर रनवे. जाण्याआधी स्वतःला एकच विचारा, मला तिथं खरंच काय काम आहे? अनुभव घ्यायचा असेल, कुणाला कनेक्टिंग फ्लाइटला सोडायचं असेल तर ठीक, पण शहरातच काम असेल तर जक्कूर आहे की, तिथं लहान विमानांचीच वस्ती आहे, त्यांना आधी फोन करून परवानगी घ्या. आणि मुंबई? मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरता येतो, त्याच एका रनवेवर दिवसाला हजाराच्या आसपास विमानं चढ-उतार करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनंच गर्दीच्या तासाला ४६ ऐवजी ४४ विमानांवर आणलं आणि बिझनेस जेटलासुद्धा गर्दीच्या वेळी बंदी घातली. अशा ठिकाणी सिंगल इंजिन सेसना नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही, नेऊ नका.

एअरपोर्ट ठरला की खरं काम जमिनीवर. माझ्या मते यातलं ऐंशी टक्के यश फोनवर मिळतं. सगळ्यात आधी त्या एअरपोर्टवर हँडलिंग एजंट गाठा, मोठ्या एअरपोर्टवर त्यांच्याशिवाय तुम्ही एप्रनवरून (विमानं उभी करायच्या जागेवरून) गेटपर्यंतसुद्धा चालत जाऊ शकत नाही. त्याला विचारायचं ते असं, पार्किंग स्टँड मिळेल का आणि किती तास, स्लॉट (उतरायची ठरवून घेतलेली वेळ) लागतो का, दिवसातला मोकळा वेळ कुठला, विमान बांधायला खुंट्या आहेत की आपले चॉक-दोर आणायचे, सगळा मिळून खर्च किती. शेवटचं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना. मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलच्या विमानांना लँडिंग चार्ज नसतो, पण हँडलिंगचं बिल त्याच्याहून मोठं येऊ शकतं.

मग इंधन, आणि इथं भले भले फसतात. मोठ्या एअरपोर्टवर एटीएफचे (जेट इंधनाचे) टँकर ओळीनं उभे असतात पण आपल्या लायकमिंग इंजिनाला लागतं ते अ‍ॅव्हगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल), ते बऱ्याच मोठ्या एअरपोर्टवर मिळतच नाही. इंडियन ऑइल २०२२ पासून ते वडोदऱ्याला बनवायला लागलंय, तोवर सगळं बाहेरून यायचं, पण बनतं म्हणजे तुम्ही जाल तिथं मिळतं असं नव्हे. म्हणून परतीचं इंधन भरूनच निघायचं किंवा वाटेत कुठं मिळतं ते फोन करून पक्कं करायचं. डिझेल इंजिनचं डीए४० असेल तर प्रश्न मिटला, ते एटीएफवर चालतं.

फ्लाइट प्लॅन निघायच्या किमान तासभर आधी फाइल करायचा, आणि एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) आणि एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर हातात आल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. आपल्या देशात एअर डिफेन्स क्लिअरन्सशिवाय उडणं म्हणजे हवाई दलाच्या रडारवर अनोळखी ठिपका होणं. हे दोन्ही नंबर नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा कारण रेडिओवर विचारतात तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. हवामानाचं म्हणाल तर कंट्रोल झोनमध्ये व्हीएफआरला सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) १५०० फूट आणि व्हिजिबिलिटी ५ किलोमीटर पाहिजे, त्याखाली वेगळी क्लिअरन्स लागते. आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी व्हीएफआर संपतं. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला सूर्य जातो हे परतीचा वेळ ठरवताना धरा.

आदल्या रात्री एअरपोर्टचा चार्ट समोर घेऊन बसा आणि रनवेपासून स्टँडपर्यंतचा टॅक्सी रूट बोटानं फिरवा, दोन्ही दिशांनी. कुठला टॅक्सीवे कुठं निघतो, हॉट स्पॉट (हमखास चुकायच्या जागा) कुठं आहेत, जनरल एव्हिएशनचं एप्रन कुठल्या बाजूला. माझ्या नीबोर्डवर मी एका कागदावर फक्त हे लिहितो: एटिस (हवामान-रनवेची रेकॉर्ड केलेली माहिती), अप्रोच, टॉवर, ग्राउंड अशा क्रमानं फ्रिक्वेन्सी उभ्या, बाजूला रनवेचं चित्र काढून बाहेर पडायचे टॅक्सीवे, खाली क्लिअरन्स लिहायला मोकळी जागा. टॅब बंद पडला तरी हा कागद चालतो.

हवेत गेल्यावर रेडिओ. तीसेक मैल आधीच एटिस ऐकून घ्या, आणि अप्रोचला कॉल करायच्या आधी काय बोलायचं ते मनात एकदा म्हणा. कॉल छोटा पाहिजे: "बेंगळूर अप्रोच, व्हिक्टर टँगो एक्स-रे एक्स-रे एक्स-रे, सेसना वन सेव्हन टू, थ्री झीरो माइल्स नॉर्थवेस्ट, सेव्हन थाउजंड फाइव्ह हंड्रेड, व्हीएफआर, इन्फर्मेशन डेल्टा, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स." एवढंच. नमस्कार-चमत्कार नको, "अं... अं..." नको. पुढं ते जे सांगतील त्यातलं रनवे, उंची, हेडिंग, स्क्वॉक (ट्रान्सपॉन्डरचा कोड) आणि होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडं थांबा) हे शब्दशः परत म्हणायचं. समांतर रनवे आहेत, तेव्हा लेफ्ट की राइट हे रीडबॅकमध्ये आलंच पाहिजे, शंका असेल तर परत विचारा. कळलं नाही तर "से अगेन", जमणार नाही तर "अनेबल". हा अनेबल शब्द आपल्याकडची पोरं उच्चारायला लाजतात, कंट्रोलर मोठा साहेब वाटतो, पण त्याला तुमचं विमान काय करू शकतं ते नीट माहीत असेलच असं नाही, त्याच्याकडं दिवसभर एअरबस असतात. वेळेत अनेबल म्हटलेलं त्याला आवडतं, नंतर गोंधळ घातलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, स्पीड. गळीत हंगामात पुणे-बेंगळूर हायवेवर उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला की मागं काय होतं ते निपाणीवाल्यांना सांगायला नको, फायनलवर (रनवेकडं जाणाऱ्या शेवटच्या सरळ वाटेवर) सेसना तेच करते. ए३२० फायनलला १४० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक मैल) आसपास असतं, शेवटचे ५ मैल त्याला दोन मिनिटं लागतात. तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं ६५ नॉटनं आलात तर तेच ५ मैल साडेचार मिनिटांच्या वर. १०० नॉटनं आलात तर तीन मिनिटं. म्हणून फायनलवर १०० ते ११० धरायची तयारी आधीच घरच्या एअरपोर्टवर इन्स्ट्रक्टर बरोबर घेऊन करायची. १७२ एसमध्ये पहिलं १० डिग्री फ्लॅप ११० नॉटपर्यंत चालतं पण त्यापुढचं ८५ च्या खाली आल्यावरच, त्यामुळं क्रम असा: १० डिग्री, १०० नॉट, तीन डिग्रीच्या स्लोपवर मिनिटाला ५०० फूट उतरण, आणि शेवटच्या दीडेक मैलाला पॉवर काढायची. रनवे एवढा लांब असतो की स्पीड मारायला भरपूर जागा असते. पण हे जमत नसेल, वारा वेडावाकडा असेल, तर सरळ सांगा की फायनल स्पीड ७० राहील, ते तुम्हाला बाजूला ऑर्बिट (गोल घिरटी) देतील आणि मोकळी जागा बघून घेतील. ऑर्बिट दिलं म्हणजे अपमान झाला असं नाही.

आणि वेक टर्ब्युलन्स, इथं मात्र कुणाचीही घाई ऐकायची नाही. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे मागं सुटतात, मिनिटाला ३०० ते ५०० फुटांनी खाली बसत जातात, आणि डोळ्याला दिसत नाहीत. १९७२ ला टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला ट्रेनिंगवर असलेलं डीसी-९ एका डीसी-१० च्या मागं उतरताना या भोवऱ्यात उलटलं. डीसी-९ हे जेट आहे, तरी उलटलं. तुमच्या १७२ चं वजन जास्तीत जास्त ११५७ किलो, पुढच्या ए३२० चं ७८ टनांच्या आसपास, आता तुम्हीच विचार करा.

रडारवर कंट्रोलर अंतर ठेवतो, ७ टनांच्या खालच्या विमानाला ए३२०-७३७ सारख्या मीडियमच्या मागं ५ मैल, हेवीच्या मागं ६, ए३८० च्या मागं ८. पण फायनलवर तुम्हाला विचारलं "ट्रॅफिक इन साइट?" आणि तुम्ही हो म्हणून व्हिज्युअल मागं यायचं कबूल केलंत, की ते अंतर राखायची जबाबदारी तुमची झाली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढचा दिसत असला तरी "रिक्वेस्ट फाइव्ह माइल्स, वेक टर्ब्युलन्स" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. येताना पुढच्या विमानाच्या वाटेच्या वरूनच यायचं, खालून कधीच नाही, आणि त्याची चाकं कुठं टेकली ते नजरेत धरायचं, धूर उडतो तो स्पॉट, त्याच्या पुढं आपण टेकायचं. टेकऑफला उलटं, मोठं विमान जिथं उचललं त्याच्या अलीकडं आपण हवेत पाहिजे आणि लगेच वाऱ्याच्या बाजूला सरकायचं. मोठ्याच्या मागं पूर्ण रनवेवरून निघताना दोन मिनिटं, मधल्या इंटरसेक्शनवरून निघताना तीन मिनिटं थांबायचं. टॉवरनं घाई केली तरी घड्याळ बघून थांबायचं. सगळ्यात फसवा वारा जोराचा नसतो, ३ ते ५ नॉटचा हलका क्रॉसविंड (आडवा वारा) असतो, तो वाऱ्याकडचा भोवरा रनवेवरच धरून ठेवतो. आणि हलका टेलविंड (मागून येणारा वारा) असेल तर भोवरा टचडाउनच्या जागेपुढं, म्हणजे तुम्ही जिथं टेकणार तिथंच येतो. अशा शांत सकाळी जास्त सावध राहा.

मोठ्या रनवेवर उंबऱ्याशीच टेकलात तर आणखी एक घोटाळा होतो. सेसना दोनशे मीटरात थांबते आणि तुमचा टॅक्सीवे दीड किलोमीटर पुढं, मागचा तोवर गो-अराउंड करतो, म्हणजे न उतरताच पुन्हा वर जातो. म्हणून आधीच टॉवरला "रिक्वेस्ट लाँग लँडिंग" विचारायचं, हो आलं तर पन्नासेक फुटांवरून थोडी पॉवर ठेवून रनवेवरून पुढं जायचं आणि तुमच्या एक्झिटच्या अलीकडं टेकायचं. एवढा रुंद रनवे पाहिला की डोळा फसतो, आपण खाली आलोय असं वाटून लवकर फ्लेअर होतो (टेकण्याआधी नाक उचललं जातं), तेव्हा पापीचे (उतरणीचा कोन दाखवणारे) दिवे बघायचे. ब्रेक जोरात दाबून वळायचं नाही. रनवे पूर्ण सोडून होल्ड लाइनच्या पलीकडं गेल्यावरच थांबायचं आणि मग फ्लॅप, फ्रिक्वेन्सी वगैरे. तिथून पुढं वाट कळत नसेल तर उभे राहा आणि "रिक्वेस्ट प्रोग्रेसिव्ह टॅक्सी" (टप्प्याटप्प्यानं वाट सांगा) म्हणा किंवा फॉलो-मी गाडी मागा. मोठ्या विमानाच्या शेपटीमागून जाऊ नका, ते सुरू होताना जी पॉवर देतं त्यानं सेसना उलटू शकते, दोनशे मीटर तरी सोडा. कंडिशनल क्लिअरन्स आली, "बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप अँड वेट, बिहाइंड", तर ते दोन्ही बिहाइंड परत म्हणा आणि कुठलं एअरबस ते खिडकीतून स्वतः पाहून मगच हला.

रेडिओ बंद पडलाच तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० लावा आणि टॉवरच्या दिव्याकडं बघा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरू नका. हेडसेटचं पिन सैल झालंय का आणि व्हॉल्यूम कमी आहे का ते मात्र आधी बघा, बऱ्याचदा तेच असतं.

परतीला निघताना उन्हाचं गणित करा. बेंगळूर ३००० फुटांवर, सांबरा अडीच हजारांवर. एप्रिलच्या दुपारी सांबऱ्यात ३६ डिग्री असताना विमानाला ती जागा साडेपाच हजार फुटांसारखी वाटते. टेकऑफ लांबतो, चढण मंदावते, चार माणसं आणि फुल टँक एकत्र जमत नाहीत. सकाळी लवकर निघा. एअरलाइनची सकाळची पहिली रांग गेली की मधे तासभर जी मोकळीक मिळते ती हँडलिंगवाल्याला नेमकी माहीत असते. निघायच्या आधी सांबऱ्याच्या टॉवरचे तास पुन्हा एकदा विचारून घ्या आणि पोचल्यावर फ्लाइट प्लॅन क्लोज झाला याची खात्री करूनच हँगर सोडा, नाहीतर तुमच्या शोधासाठी फोन सुरू होतात.